‘मी नाही करलं!’: भाषा आपण शिकतो की घेऊनच जन्मतो?

आपल्या ताज्या एपिसोडचं हे लेखी रूप. इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.

परवा माझ्या लॅपटॉपशेजारी दूध सांडलं होतं. समोर तीन वर्षांची भाची. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "मामा, मी नाही करलं!"

आता गंमत बघा. ‘करलं’ असं आमच्या घरात कोणीच म्हणत नाही. मग तिने आणलं कुठून? धर–धरलं, भर–भरलं, मग कर–करलं! म्हणजे पोरगी नुसतं कॉपी-पेस्ट करत नव्हती. तिने नियम काढला आणि लावून बघितला. चूक खरी, पण हुशार चूक.

१९५७ मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने ‘व्हर्बल बिहेवियर’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा सूर असा, की भाषा ही लागलेली सवय आहे; ज्या बोलण्याला दाद मिळते, ते पक्कं होतं. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञाने त्याचं परीक्षण लिहून ते पार सोलून काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांच्या कानावर पडतं ते तुटक, अर्धवट. व्याकरण कोणी शिकवत नाही. तरी चार-पाच वर्षांत ती कधीच न ऐकलेली वाक्यं बनवतात. म्हणजे व्याकरणाचा काहीतरी साचा जन्मापासूनच डोक्यात असणार. आपल्या भाषेत सांगायचं तर फोन कोरा येत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम आधीच टाकलेली असते. आत मराठी जाणार की तमिळ, ते घर ठरवतं.

पण हे तपासायचं कसं? मुलांना भाषेपासून तोडून प्रयोग तर करता येत नाही. मात्र मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात तशी परिस्थिती आपसूक तयार झाली.

तिथली कर्णबधिर मुलं आपापल्या घरी एकेकटी वाढायची. घरच्यांशी चार-दोन खुणा, बस. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष शाळा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो मुलं एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते. ते काही जमेना. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांचे हात चालू होते. घरच्या खुणा एकमेकांत मिसळत गेल्या. त्यातून एक नवीन भाषा उभी राहिली, कोणत्याही मोठ्या माणसाने न शिकवलेली.

खरी कमाल केली नंतर आलेल्या लहान मुलांनी. २००४ मध्ये अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘गडगडत खाली गेला’ हे सांगताना पहिल्या पिढीतले लोक सहसा हात फिरवत खाली नेत, सगळं एकाच हालचालीत. नंतरची मुलं आधी ‘गडगडणं’ दाखवत, मग ‘खाली’. दोन वेगळे शब्द, एकामागे एक! चित्राची त्यांनी वाक्यरचना केली होती.

म्हणजे चॉम्स्की जिंकले? इतकं सोपं नाही. १९९६ च्या एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी फक्त दोन मिनिटं बनावट शब्दांची सलग धार ऐकली. कोणता आवाज कोणत्या आवाजामागे येतो, एवढ्यावरून त्यांनी त्यातले शब्द वेगळे ओळखले. त्यामुळे काही संशोधक म्हणतात, जन्मजात आहे ती पॅटर्न पकडायची ताकद; व्याकरणाचा वेगळा साचा मानायची गरज नाही. हा वाद अजून चालू आहे.

पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं बऱ्यापैकी एकमत आहे. ताकद जन्मजात असली, तरी तिला माणसं लागतात, आणि तीही वेळेत. निकाराग्वात जे मोठ्या वयात आले, त्यांना लहानांसारखी सफाई आली नाही.

माझा एक मावसभाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत घरच्यांनी पाच वर्षं घालवली. मग तो निवासी शाळेत गेला, सांकेतिक भाषा शिकला. पहिल्या दिवाळीला घरी आला तेव्हा त्याचे हात थांबत नव्हते. आणि समोर ते समजणारं एकही माणूस नव्हतं, मीसुद्धा नाही.

म्हणून ‘जन्मजात’ म्हणजे ‘आपोआप होईल’ असं समजू नका. ओळखीत एखादं बाळ आवाजाकडे वळत नसेल, तर लगेच कान तपासून घ्यायला सांगा. ऐकू येत नसेल, तर हातांची भाषा पहिल्या दिवसापासून द्या, आणि घरातल्या सगळ्यांनी शिका.

भाचीचं ‘करलं’ मी सुधारलेलं नाही. ‘केलं’ तिला आपोआप सापडेल, कारण ते तिच्या कानावर दिवसभर पडतंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!