छतावर सोलर, तरी घरात काळोख?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात तारांवर झाडे पाडली, गावेच्या गावे काळोखात गेली. असे काही झाले की पेडण्यात काय, डिचोलीत काय, एक वाक्य ठरलेले: ‘छतावर सोलर घातले की लाइन गेली तरी आमचे दिवे चालू!’

नाही चालत. बॅटरी नसलेल्या, नेट मीटरवाल्या सोलरचा इन्व्हर्टर लाइन जाताच भर उन्हातही आपणहून थांबतो. तो थांबलाच पाहिजे. खांबावर चढलेला लाइनमन तार मेलेली समजून हात घालणार, आणि तुमच्या छतावरून तिच्यात वीज येत असेल तर? दुसरे कारण असे की हा इन्व्हर्टर स्वतः ताल धरत नाही. आरतीत कांसाळ्याच्या ठेक्यावर घुमट चालावे, तसा तो ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या ठेक्यावर चालतो. ठेका गेला की तोही गप्प. काळोखात दिवे हवेत तर बॅटरी आणि घराची लाइन ग्रिडपासून तोडणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

‘दुपारची जादा वीज खात्याकडे साठते, रात्री परत मिळते,’ हाही असाच गोड समज. तिळारीचे पाणी धरणात राखून उन्हाळ्यात कालव्याने पेडणे-डिचोलीला सोडता येते; तारेत वीज अशी राखता येत नाही. तुमची जादा वीज त्याच क्षणी शेजाऱ्याच्या पंख्यात जाते. साठतो तो फक्त हिशेब. संध्याकाळी तुम्ही बटण दाबता तेव्हा वीज येते ती बहुतेक गोव्याबाहेरच्या केंद्रांतून. त्यांत छत्तीसगडचे कोरबाही आले.

पावसाळ्यात सोलर बंद पडते म्हणतात. पडत नाही, उत्पादन घटते, एवढेच.

‘आमच्या तीन किलोवॅटने देशाच्या ग्रिडला काय होणार?’ हे मात्र निम्मे खरे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाला जोडले गेले; एवढ्या पसाऱ्यात एक छप्पर म्हणजे थेंब. अडचण होते ती वाड्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरवर. त्याच्यावरची दहा घरे भर दुपारी, वापर कमी असताना, वीज ओतू लागली की व्होल्टेज २३० च्या बरेच वर चढते आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद पडतात. मालक मात्र पॅनेलला शिव्या घालतो.

म्हणून सोलर घेताना ट्रान्स्फॉर्मरवर जागा किती उरली आहे, हे आधी विचारा. आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला मिळणारे ७८,००० रुपयांचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरते. बॅटरीचा खर्च वेगळा धरा.