निद्रा-श्वासरोध

झोपेत घशाचा मार्ग पुन्हा पुन्हा मिटून श्वसन काही काळ बंद पडणे, ह्या विकाराला निद्रा-श्वासरोध म्हणतात. प्रौढ व्यक्तीत हवेचा प्रवाह किमान १० सेकंद थांबला, तर तो एक श्वासरोध धरतात. जागेपणी बहुतेक रोग्यांचे श्वसन प्राकृत असते व रात्री काय घडले, ह्याची त्यांना आठवण नसते. म्हणून ह्या रोगाची खरी माहिती रोग्यापेक्षा त्याच्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीकडून मिळते. मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, ही समजूत सार्वत्रिक असली, तरी पुष्कळदा चुकीची असते.

श्वासनालाला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. मृदुतालूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाला तसा आधार नसून स्नायूंच्या ताणामुळेच तो उघडा राहतो. झोपेत हा ताण कमी होतो आणि उताणे झोपल्यास जीभ मागे पडते. मार्ग मुळात रुंद असल्यास एवढ्याने बिघडत नाही. परंतु मानेत व जिभेत साठलेली चरबी किंवा मागे सरलेला खालचा जबडा ह्यांमुळे तो अरुंद झालेला असल्यास श्वास घेताना निर्माण होणाऱ्या ऋण दाबाने त्याच्या भिंती आत ओढल्या जातात. लहान मुलांत वाढलेले गिलायू (टॉन्सिल) हे नेहमीचे कारण असते. अर्धवट मिटलेल्या मार्गातून जाणाऱ्या हवेने मृदुतालू थरथरतो, तेच घोरणे होय. मार्ग पूर्ण मिटला की, घोरणे थांबते. छाती व पोट धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठ्या आवाजासरशी श्वास सुरू होतो. घरच्यांना घोरण्याचा त्रास होतो. लक्ष द्यावयास हवे ते मधल्या शांततेकडे. तीव्र विकारात हा प्रकार तासाला ३० किंवा अधिक वेळा घडतो. असा माणूस दिवसा बैठकीत किंवा वाहन चालवितानाही पेंगतो आणि आळशी ठरतो.

हृदयावरील परिणाम अधिक गंभीर आहेत. प्रत्येक रोधाच्या अखेरीस अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन रक्तदाब एकदम चढतो. निरोगी व्यक्तीत रात्रीचा रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी असतो. ही विश्रांती येथे मिळत नाही व कालांतराने दिवसाचा रक्तदाबही वाढलेला राहू शकतो. तीन औषधांनीही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर रोग्याच्या झोपेची चौकशी अवश्य करावी. मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना अलिंदांच्या भिंती ताणल्या जातात व त्यांची लय बिघडू शकते. ह्याच ताणामुळे लघवी वाढविणारे हॉर्मोन स्रवते. रात्री वारंवार उठावे लागणारे पुरुष अष्ठीला ग्रंथीची (प्रोस्टेटची) तपासणी करून घेतात. मूळ कारण कधीकधी घशात असते. ऑक्सिजन कमी पडल्याने फुप्फुसातील रोहिण्या आकुंचन पावतात व उजव्या निलयावर भार पडतो. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे आधीच निकामी होत असलेल्यांत हा भार फार वाढतो.

डिकिन्झ यांच्या पिकविक पेपर्स (१८३६–३७) ह्या कादंबरीत उभ्या उभ्या झोपी जाणारा एक लठ्ठ मुलगा आहे. त्यावरून लठ्ठपणा व पेंग ह्यांच्या जोडीला १९५६ मध्ये ‘पिकविकी लक्षणसमूह’ म्हटले गेले. पेंगेचे मूळ झोपेतील श्वासरोधात आहे, हे फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी १९६५ मध्ये नोंदींनी दाखविले. भारतात हा विकार विरळा नाही. मुंबईतील ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची उदवाडिया व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ७.५ टक्के पुरुषांत लक्षणांसह हा विकार आढळला. सडपातळ व्यक्तीही त्यातून सुटत नाहीत.

निदानासाठी झोपेत मेंदूचे विद्युत् तरंग, हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, ऑक्सिजन व हृदयाची लय ह्यांची एकत्र नोंद घेतात. वजन घटविणे, कुशीवर झोपणे व मद्य टाळणे हे उपाय प्राथमिक होत. झोप नीट लागत नाही म्हणून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. त्यांनी स्नायू आणखी शिथिल होऊन मेंदूचे जागे होणे लांबू शकते. पूर्वी तीव्र विकारात श्वासनालाला छिद्र पाडीत. १९८१ मध्ये सिडनीतील कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी नाकावरील मुखवट्यातून सतत धन दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली व तोच आज मुख्य उपचार आहे. त्याने पेंग जाते, रक्तदाब थोडा उतरतो. मात्र हृदयविकाराचा झटका व पक्षाघात टळतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. त्या चाचणीतील रोगी मुखवटा रात्री सरासरी सव्वातीन तासच वापरीत होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. मुलांत गिलायू काढल्याने बहुधा गुण येतो. लठ्ठ प्रौढांतील मध्यम व तीव्र विकारासाठी टिर्झेपटाइड ह्या वजन घटविणाऱ्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.