थंड हवेच्या गावी मुक्काम : जागा कशी निवडावी?

आमच्या नांदेडात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे गेला, की घरोघर एकच विषय निघतो : चार दिवस कुठे तरी थंड जागी जाऊन यावे. एके काळी ही चर्चा साहेबलोकांच्या बंगल्यात होत असे. आता ती कामगारांच्या वस्तीतही होते, याचा आम्हांला आनंदच वाटतो.

कारण ही सुटी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यात तर कामगारांच्या सहली आणि विश्रांतिगृहे यांवरही खर्च करता येईल, असे लिहिले गेले. इतक्या सायासाने मिळालेले चार दिवस एखाद्या वाईट खोलीत वाया जावेत, हे आम्हांला पटत नाही. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

पुष्कळांना चहाचे मळे असलेले निवांत गाव हवे असते. पण मळे पाहायचे तर मुन्नार, कुन्नूर किंवा दार्जिलिंग गाठावे लागते. चहाची म्हणावी अशी लागवड महाराष्ट्रात नाही. कॉफी मात्र आहे, आणि ती अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास. नांदेडहून पूर्णा, हिंगोली, वाशीम या मार्गाने रेल्वेने अकोल्यास जावे, तेथून मोटारीने परतवाड्यास, आणि मग सुमारे तीस किलोमीटरचा घाट. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंच, वस्ती पाच हजारांच्या आसपास. हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणले. त्या वेळी वऱ्हाड आणि आपला मराठवाडा एकाच निजामाच्या अमलाखाली होते. वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो १८५३ साली. शेजारीच गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने तो लढून घेतला. अवतीभवती मेळघाटचे जंगल. १९७४ पासून ते वाघांसाठी राखीव आहे.

आता मुख्य प्रश्न. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो, तेव्हा जागा निवडली ती चित्र पाहून. खिडकीतून दरी दिसत होती, एवढे पुरे झाले. जुलैचा महिना, त्यात शनिवार. धुके इतके दाट, की दोन दिवस ती दरी दिसलीच नाही. भिंतीला ओल, कपडे वाळेनात, आणि खिडकीखाली वीज गेली की घरघरणारे जनरेटर. त्या फजितीतून आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, ऋतू ठरविल्याशिवाय खोली ठरवू नये. उन्हाळ्यात रात्री सुखाच्या असतात, पण पाण्याची ओढ असते. पाऊस तेथे धो धो पडतो, परंतु डोंगराचा काळा खडक आणि तीव्र उतार यांमुळे ते पाणी खाली निघून जाते, आणि त्याच मेळघाटातील गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून एप्रिल-मे मध्ये आधी विचारावे : पाणी किती वेळ येते, साठवण कशी आहे? पावसाळ्यात विचारावे : खोलीत हवा खेळते काय, अंथरूण कोरडे असते काय? थंडीत विचारावे ते ऊन पाण्याचे आणि पांघरुणाचे. ज्याला शांतता हवी, त्याने शनिवार-रविवार टाळावा. आठवड्याच्या मधल्या दिवसांत गाव वेगळेच असते.

दुसरी गोष्ट, जागेची जात ओळखावी. सरकारी विश्रामगृहे स्वस्त असतात, पण दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचा हक्क तेथे पहिला. ऐन वेळी आरक्षण रद्द होऊ शकते. पर्यटन महामंडळाच्या निवासाचे दर जाहीर असतात, मात्र हंगामासाठी आरक्षण फार आधी करावे लागते. खाजगी हॉटेलांत घासाघीस चालते. तेथे भाड्यात काय आले आणि काय नाही, हे अगोदर लिहून घ्यावे.

तिसरी गोष्ट, पायांचा विचार करावा. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड ही ठिकाणे पठारावर विखुरलेली आहेत. बरोबर म्हातारी माणसे असतील, तर गावाच्या टोकाला दरीकाठी राहण्यापेक्षा बाजाराजवळच्या आडगल्लीत तळमजल्याची खोली बरी. दरी चालत जाऊनही पाहता येते. औषधाचे दुकान मात्र जवळ असावे लागते. बाजारात खवा, रबडी मिळते, तीही दोन पावलांवर येते.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत उशिरा सुचली. त्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे पाचला खाली उतरलो. जेवणघरात दोन बाके जोडून एक पोरगा झोपला होता. वय अठरा-एकोणीस. आमच्या पावलांनी तो दचकून उठला आणि चहाला लागला. आम्ही विचारले, "बाळा, तुला सुटी कधी असते?" तो म्हणाला, "सीझन संपला की, काका." मग आमच्या ध्यानात आले, की आदल्या रात्री अकरा वाजता ऊन पाण्यासाठी घंटा आम्हीच वाजविली होती आणि बादली यानेच वर आणली होती. आठ तासांच्या दिवसासाठी ज्यांनी उभा जन्म घोषणा दिल्या, त्यांना हे विचारायला दुसरा दिवस उजाडावा लागला! तो चहा आम्हांला गोड लागला नाही.

दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला. त्यात आठवड्याची सुटी आहे, जादा तासांना दुप्पट मजुरी आहे. पण लहान हॉटेले त्यातून सुटतात, आणि घाटावर तपासायला तरी कोण येतो? मेळघाटातील कोरकू कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडून बाहेर जातात आणि होळीला परततात. त्यांच्या मुलांना गावातच धड पगाराचे काम मिळाले, तर त्याचे मोल मोठे आहे. म्हणून आता आम्ही खोली घेण्याआधी विचारतो : कामाला माणसे किती, गावची किती, ती झोपतात कुठे, सुटी कोणत्या वारी? मालक सरळ उत्तर देतो की नजर चुकवितो, यावरून पुष्कळ कळते. आमचा अनुभव असा, की जेथे नोकराला झोपायला जागा आहे, तेथे पाहुण्याचे अंथरूणही बहुधा स्वच्छ असते.

चहाच्या गावी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मळेकामगारांना घरे देण्याचे बंधन १९५१ च्या कायद्याने मालकांवर घातले, तरी मुन्नारच्या बायांना एकेका खोलीच्या चाळींतच संसार करावा लागला. २०१५ च्या सप्टेंबरात बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला, तेव्हा त्या हजारोंनी रस्त्यावर बसल्या आणि वीस टक्के पदरात पाडून उठल्या. युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिले नाही. आम्हां युनियनवाल्यांना हे बोचते, पण सांगितलेच पाहिजे. मळ्यातल्या जुन्या बंगल्यात उतरून हिरवा डोंगर पाहताना पलीकडची ती चाळही पाहावी.

याचा अर्थ सहलीला जाऊ नये, असा नाही. अवश्य जावे. ऋतू, पाणी, पायऱ्या आणि कामाची माणसे, ही चार नावे टाचणावर लिहून घ्यावीत, आणि पैसे पाठविण्याअगोदर चारही प्रश्न विचारावेत. ऊन पाणी रात्री नऊच्या आत मागून घ्यावे. आम्ही तसेच करतो.