विश्लेषण : मेलेल्या माणसाच्या नजरेतून चित्रपट?
टोक्योतील एका बारच्या स्वच्छतागृहात ऑस्कर हा अमली पदार्थ विकणारा तरुण पोलिसांच्या गोळीने मरतो. गास्पर नोए यांचा ‘एंटर द व्हॉइड’ खरा सुरू होतो तो तिथून. २००९ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला.

कॅमेरा काय करतो?
आधी कॅमेरा म्हणजे ऑस्करचे डोळे. पापण्यांची उघडझापही पडद्यावर दिसते. मृत्यूनंतर हीच नजर छतांवरून, भिंतींमधून तरंगत बहीण लिंडाभोवती घुटमळते. तिला कधीच सोडणार नाही, असे वचन त्याने लहानपणी दिलेले असते.

हा खरेच परलोक आहे का?
मृत्यू ते पुनर्जन्म हा प्रवास सांगणारा तिबेटी ग्रंथ मित्राने ऑस्करला दिलेला असतो. नोए स्वतः पुनर्जन्म मानत नाहीत. त्यांच्या मते, हे त्या ग्रंथाने भारलेल्या मनाचे स्वप्न आहे. तसे पाहिले तर पडद्यावर परलोक नाही, वचन पाळण्याची शेवटची धडपड आहे.