पोरगं ‘मी, मी’ करतं तेव्हा

मुरुडच्या वस्त्यांत आम्ही आरोग्याची बैठक घेतो, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या पोरांबद्दल एक तक्रार ठरलेली असते. “ताई, ह्याला आत्तापासून इगो आलाय.” घास भरवू देत नाही, चप्पल स्वतःच घालणार, तीही उलटी.

आपल्याकडे इगो म्हणजे गर्व. धम्मप्रवचनात अहंकार सोडायला सांगतात तो हाच. मनोविश्लेषणातला इगो वेगळा. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉईड यांनी १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा साधा जर्मन शब्द वापरला होता : ‘मी’. इंग्रजीत त्याचा लॅटिन ‘इगो’ झाला.

त्यांचं म्हणणं असं, की जन्मलेल्या बाळाकडे नुसती मागणी असते. भूक, ऊब, आत्ताच्या आत्ता. बाहेरचं जग मात्र थांबायला लावतं. या दोघांमध्ये हळूहळू जो मध्यस्थ तयार होतो तो ‘मी’. पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत आईबापांचं ‘हे कर, ते करू नको’ आत मुरतं आणि आतूनच दटावणारा आवाज सुरू होतो. मग बिचाऱ्या ‘मी’ला तिघांना सांभाळावं लागतं.

हा ‘मी’ आधी शरीरातून येतो, असंही फ्रॉईड यांनी लिहिलं. पाय पसरून, त्यावर बाळ घेऊन आजी त्याला न्हाऊ घालते, तेव्हा बाळाला कळत जातं, की हा हात माझा, हे पोट माझं. म्हणून आम्ही बाळंतिणीला सांगतो, घाईत का होईना, बाळाशी बोलत अंघोळ घाला.

फ्रॉईड यांचा दीड वर्षांचा नातू दोरी बांधलेलं लाकडी रीळ फेकायचा, दिसेनासं झालं की ओढून परत आणायचा. आई बाहेर गेली तरी तो रडत नसे. फ्रॉईड यांना त्यात आईचं जाणं-येणं दिसलं : जे सोसावं लागतं, ते पोर खेळात आपल्या हाती घेतं. आपल्याकडे पदराआड तोंड लपवून ‘भॉक’ करतात, त्यातही हेच शिक्षण आहे. पण पहाटे मासळीबाजारात किंवा सुपारीच्या वाडीत कामाला जाणारी आई रडारड नको म्हणून गुपचूप सटकते. तसं करू नका, बायांनो. सांगून जा. पोर रडेल, पण ‘गेलेली आई परत येते’ हेही शिकेल.

एरिक एरिक्सन यांनी १९५० च्या पुस्तकात फ्रॉईड यांचा विचार पुढे नेला. दोन-तीन वर्षांचं मूल हट्ट करतं, तेव्हा ते स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकत असतं. तेव्हा चारचौघांत ‘शी, चड्डीत केलंस’ म्हणून हसलात, तर लाज आणि शंका आत बसते. शाळेच्या वयात ‘मला जमतं’ की ‘मी कमीच’ हे ठरत जातं.

इथे बाबासाहेबांचं बालपण आठवतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी १९०१ चा प्रवास सांगितलाय. नवे कपडे घालून मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊन मिळालेली बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली. रात्रभर पाणी मिळालं नाही. त्याआधी भीमाबाई गेल्या होत्या. पण वडील रामजी आणि आत्या मीराबाई पाठीशी होत्या. जगानं ‘तू कमी’ म्हटलं, तेव्हा घरात तसं म्हणणारं कुणी नव्हतं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

फ्रॉईड यांचं सगळंच आज डॉक्टर मानत नाहीत. त्यांचे बरेचसे रुग्ण व्हिएन्नातले खाऊनपिऊन सुखी लोक होते. आजी, मावशी, शेजारीण मिळून पोर वाढवणारी आपली वस्ती त्यांनी पाहिली नव्हती. दोष मात्र आईच्याच माथी मारायची खोड त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांना लागली. ती आम्हाला मान्य नाही. बापानंही संध्याकाळी पोराला मांडीवर घ्यावं.

शाळेतून पोर गप्प होऊन आलं, कुणी जातीवरून बोललं असं म्हणालं, तर ‘लक्ष नको देऊ’ म्हणून उडवू नका. कोण बोललं, काय बोललं, नीट ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी शाळेत जा. पोर आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, पुन्हा अंथरुणात लघवी करू लागलं असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.