'जलाश्व'ची नोकरी

माझी सारी नोकरी नौदलात, बॉयलर रूममध्ये गेली. त्यामुळे वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर माझा जीव आहे, आणि विशाखापट्टणमच्या 'आयएनएस जलाश्व'वर तर अंमळ जास्तच. दोन बॉयलर, दोन टर्बाइन आणि जवळपास १७३ मीटर लांबी. हजारभर सैनिक पोटात घेऊन जाणारं हे जहाज.

जन्मानं ते अमेरिकन. सिअ‍ॅटलला बांधलं गेलं आणि १९७१ साली 'यूएसएस ट्रेंटन' म्हणून त्यांच्या नौदलात रुजू झालं. धक्का नसलेल्या किनाऱ्यावर सैनिक, रणगाडे, ट्रक उतरवायचे, हे त्याचं काम. त्यासाठी जहाजाच्या मागच्या भागात एक प्रचंड हौद असतो, त्याला वेल डेक म्हणतात. उतरणीच्या बोटी त्यात कोरड्याच उभ्या असतात. वेळ आली की टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी घेतात, जहाज मागून जड होत हळूहळू बसतं. मागचं दार उघडतं, पाणी आत येतं आणि भरल्या बोटी जागच्या जागी तरंगायला लागतात. असं जहाज बसत असताना खाली इंजिनाशी उभ्या असलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसत नाही. पायाखालची लोखंडी जाळी कलल्याचं घोट्यांना आधी कळतं.

पण या जहाजाच्या नोकरीची पानं उलटताना मला सैन्य उतरवण्यापेक्षा माणसं सोडवून आणण्याचंच काम ठळक दिसतं. जानेवारी १९९१. आखाती युद्ध तोंडावर आलेलं, आणि तिकडे सोमालियाची राजधानी मोगादिशू यादवीत जळत होती. ओमानच्या किनाऱ्याकडून 'ग्वाम' आणि 'ट्रेंटन' ही अमेरिकी जहाजं दक्षिणेकडे निघाली. पोहोचेपर्यंत थांबायला सवड नव्हती. म्हणून ५ जानेवारीच्या पहाटे, किनारा अजून साडेचारशेहून जास्त सागरी मैल दूर असताना, 'ट्रेंटन'वरून दोन हेलिकॉप्टरं उडाली. काळोखात, हवेतल्या हवेत इंधन घेत ती अमेरिकी वकिलातीच्या आवारात उतरली. पुढे 'ग्वाम'वरची हेलिकॉप्टरंही कामाला लागली आणि एकूण २८१ जणांना बाहेर काढलं. त्यांत सोव्हिएत राजदूतही होते. २००६ मध्ये बैरूतवर बॉम्ब पडत होते, तेव्हाही तिथल्या अमेरिकी नागरिकांना समुद्रमार्गे बाहेर आणायला हेच जहाज गेलं.

जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या नॉरफोकला ते भारताच्या ताब्यात आलं. किंमत सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर. आपल्या लोकांनी तिथेच राहून ते चालवायला शिकून घेतलं. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी २००८ ला, समुद्रावर असताना विषारी वायूची गळती झाली आणि आपले सहा जण गेले. जहाजाचं कौतुक करताना हे सहा जण वगळून पुढे जाणं मला जमत नाही. खालच्या बंद कप्प्यांत काम करणाऱ्यांच्या वाट्याला काय येऊ शकतं, हे आम्ही खालची माणसं जाणतो.

मग आलं २०२०, करोनाच्या साथीचं वर्ष. विमानं बंद, मालदीवमध्ये आपली माणसं अडकलेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेलेल्या. 'जलाश्व' मालेला गेलं आणि १० मे रोजी ६९८ जणांना घेऊन कोचीला लागलं. त्यांत १९ गरोदर बायका होत्या. नौसैनिकांनी स्वतःचा संसर्गाचा धोका पत्करून त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी पाहिलं. त्याच 'समुद्र सेतू' मोहिमेत पुढे श्रीलंका आणि इराणमधूनही या जहाजानं माणसं आणली. चार जहाजांनी मिळून ३,९९२ जण घरी पोहोचवले.

सैनिकांसाठी बांधलेल्या जहाजाला हे जमलं, कारण मोठं स्वयंपाकघर, शेकडो बिछाने आणि शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना त्याच्यावर आधीपासून होता. पण बिछाने एकावर एक, अरुंद, धडधाकट जवानांच्या अंगाला बेतलेले. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला असल्या जहाजावरचे उभे जिने चढणं-उतरणं म्हणजे शिक्षाच.

'जलाश्व'नं पन्नाशी ओलांडली आहे. अशी चार जहाजं देशात बांधायची म्हणून २०१३ मध्ये निविदा निघाली होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. नवी बांधाल तेव्हा रणगाड्यांची जागा जरूर मोजा. पण बायकांची वेगळी न्हाणीघरं, बाळंतिणीची खोली आणि म्हाताऱ्यांना चढता येईल असा जिना हेही पहिल्याच नकाशात काढा. संकट आलं की याच जहाजांना बोलावणं जातं, हे आता तीन वेगवेगळ्या दशकांत दिसलं आहे.