चामड्याचे बूट आणि कॅनडाचा हिवाळा: पॉलिश नेमकं किती करायचं?

नोव्हेंबर लागला की कॅनडात नव्याने आलेल्यांना एक प्रश्न पडतो. मुलाखतीसाठी, ऑफिससाठी भारतातून आणलेला चामड्याच्या बुटांचा एकुलता एक चांगला जोड बर्फात घालावा का? घातलाच तर त्याला रोज पॉलिश करावं की तसाच वापरावा? एक जण सांगतो, 'भरपूर पॉलिश लाव, काही होत नाही.' दुसरा म्हणतो, 'चामड्याला आपलं आपलं जुनं होऊ दे.' दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण इथल्या हिवाळ्यात बूट खराब करणारी मुख्य गोष्ट या दोघांच्याही बोलण्यात येत नाही. ती गोष्ट म्हणजे रस्त्यावरचं मीठ.

चामडं आणि पॉलिश

चामडं म्हणजे जनावराच्या कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. कच्ची कातडी ओली राहिली तर कुजते आणि नुसती वाळवली तर ताठ होते. कमावण्याच्या प्रक्रियेत हे तंतू एकमेकांशी रासायनिक बंधांनी बांधले जातात. कोल्हापुरी चपलांसाठी हे काम बाभळीची साल आणि हिरड्यातलं टॅनिन करतं. बहुतेक बुटांच्या वरच्या भागासाठी क्रोमियमचे क्षार वापरतात. नंतर चामड्यात तेल मुरवलं जातं. हे तेल तंतूंमधलं वंगण असतं. त्यामुळे पाऊल टाकताना तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडं न तडकता वाकतं.

आता डबीतलं पॉलिश पाहा. त्यात मेण, रंग आणि टर्पेंटाइनसारखं द्रावक असतं. द्रावक उडून जातं आणि मेणाचा पातळ थर उरतो. हा थर पृष्ठभागावरचे बारीक खळगे भरून काढतो, त्यामुळे प्रकाश इतस्तत: न विखुरता एका दिशेने परावर्तित होतो आणि बूट चमकतो. मेणामुळे पाणी आत शिरायलाही थोडा वेळ लागतो. पण तंतूंमधलं कमी झालेलं तेल भरून काढणं हे मेणाच्या पॉलिशचं काम नाही. त्यासाठी लेदर कंडिशनर किंवा क्रीम लागतं.

पांढरी रेघ कुठून येते?

कॅनडात दर हिवाळ्यात रस्त्यांवर अंदाजे ५० लाख टन मीठ पडतं. ते इतकं आहे की २००१ साली केंद्र सरकारच्या मूल्यमापनात ते पर्यावरणाला घातक ठरलं आणि २००४ मध्ये त्याच्या वापरासाठी आचारसंहिता आली. यात मुख्यत: आपलं साधं सोडियम क्लोराइड असतं. कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइडही वापरतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

फूटपाथवरच्या करड्या राड्यातलं खारं पाणी चामड्यात शिरतं आणि तंतूंमधून वर चढतं. घरात आल्यावर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ओला भाग जिथे संपतो तिथे बाष्पीभवन जास्त होतं, म्हणून तिथेच ती नागमोडी पांढरी रेघ उमटते. जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो, तोच हा प्रकार. भिंतीचा गिलावा जसा पोपडे धरतो, तसे इथे वाढणारे स्फटिक चामड्याचे तंतू एकमेकांपासून दूर ढकलतात.

या रेघेवर पॉलिश फासलं तर ती झाकली जाते, जात नाही. मीठ पाण्यात विरघळतं. पॉलिशमधल्या तेलकट द्रावकात नाही. मेणाखाली अडकलेलं मीठ पुढच्या वेळी बूट भिजला की पुन्हा विरघळतं आणि आणखी पसरतं.

घरातली हवा

बाहेर उणे २० अंशांची हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली आणि तिच्यात ओलावा मिसळला नाही, तर तिची सापेक्ष आर्द्रता पाच टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत चामडं एरवीही कोरडं पडतं. त्यात ओले बूट हीटरजवळ ठेवले, की बाहेरचा थर आधी सुकून आकसतो आणि घडीवर चिरा पडतात. शिवाय ओलं चामडं उष्णतेला जास्त हळवं असतं. वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांना कायमचं आकसतं, आणि हीटरचा तापलेला पृष्ठभाग तिथवर पोहोचू शकतो. तळवा चिकटवणारा गोंदही उष्णतेने नरम पडतो.

मग किती करायचं?

*रोज:* घरी आल्याबरोबर ओल्या फडक्याने बूट पुसा. मीठ सुकायच्या आत पुसलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

*रेघ उमटलीच तर:* एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी घेऊन फडक्याने पूर्ण बूट हलकेच पुसा, फक्त डाग नको. नाहीतर नवी कड तयार होते. मीठ काढण्याचं खरं काम पाणीच करतं. चामडं स्वभावत: किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून सौम्य व्हिनेगर त्याला चालतं. साबण किंवा सोडा मात्र टाळा.

*वाळवताना:* आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि हीटरपासून दूर, एक-दोन दिवस सावकाश वाळू द्या. रोज तोच जोड घालू नका.

*महिन्यातून एकदा:* बूट पूर्ण सुकल्यावर कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालं तर चामडं ढिलं पडून आकार सोडतं.

*मेणाचं पॉलिश:* दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही पातळ. आरशासारखी चमक हवीच असेल तर ती फक्त टोकाला आणि टाचेला आणा. हे भाग वाकत नाहीत. घडीच्या जागी मेणाचा जाड थर दिला तर तो तडकतो आणि पांढुरका दिसतो.

थोडक्यात, चमकेकडे महिनाभर दुर्लक्ष झालं तरी बूट टिकतात. मिठाकडे आठवडाभर झालं तर घडीवर चिरा पडायला लागतात आणि मग त्या कुठल्याच डबीने भरून येत नाहीत. कोल्हापुरी चपलांना तर हा हिवाळा दाखवूच नका. त्यांचा तळही चामड्याचा असतो आणि तो खारं पाणी टीपकागदासारखा शोषतो. वसंतातल्या पावसाने रस्त्यांवरचं मीठ धुऊन जाईपर्यंत त्या कपाटातच बऱ्या.